लालीबाईचे फुंदे

ढाणकीच्या बाजारात खताच्या दुकानाला लागून एक ओटा आहे. त्या ओट्यावर लालीबाईचं शिलाई मशीन असतं. दसरा जवळ आला की मशीनभोवती रंगीत कापडाचे ढीग पडतात, कारण कापूस फुटायला लागतो आणि वेचणाऱ्या बायांना झोळ्या लागतात. झोळी कमरेला बांधायची, दोन्ही हातांनी बोंडांतला कापूस वेचत पुढं जायचं आणि तो झोळीत टाकत राहायचा. लालीबाईच्या झोळीसारखी झोळी उमरखेडच्या बाजारातही मिळत नाही, असं आमच्या बाया छातीवर हात ठेवून सांगतात.

लालीबाई बंजारा तांड्यावरची. तिचे लोक पूर्वी बैलांवर माल लादून गावोगाव फिरायचे, आता आमच्यासारखीच शेती करतात. लालीबाईच्या नावावर मात्र गुंठाभरही जमीन नाही. तिचा नवरा सेवादास ऑटो चालवतो. सकाळी वेचणाऱ्या बायांना शेतावर सोडतो, संध्याकाळी परत आणतो. म्हणजे त्या घरात कोणी पेरत नाही आणि कोणी कापत नाही, तरी त्या घराची चूल कपाशीवरच पेटते. मी एकदा तिला तसं म्हटलं, तर हसून म्हणाली, "दीपाबाई, बोंड फुटलं की साऱ्या ढाणकीले बोलणं फुटते. पाह्य नं, त्या जिलेबीवाल्याचा आवाज आखाडात आइकला का कधी?" खरंच आहे. बांगडीवाली, भांडीवाला, फोटोवाला, इतकंच काय यवतमाळच्या एसटीतली गर्दीसुद्धा कापूस निघाल्यावरच वाढते.

तर तिच्या झोळीची गंमत होती फुंद्यांमध्ये. लोकरीचे लाल, हिरवे, पिवळे गोंडे ती झोळीच्या काठाला लावायची. त्यांना ती फुंदा म्हणते. तिच्या आईच्या घागऱ्याला, ओढणीला, पाण्याच्या घागरीखालच्या चुंबळीलासुद्धा फुंदे होते. बिनफुंद्याची वस्तू तिला उघडीबोडकी वाटते. माझ्या सासूबाई, कांताबाई, वेचणाऱ्या बायांना पाहून दरवर्षी विचारायच्या, "काहून व, कापूस वेचाले चालल्या का लग्नाले?" त्यावर विमलताई म्हणायची, "लग्नाले तं एकच दिवस मिरवते माणूस, आत्याबाई. आम्ही संक्रांतीपर्यंत मिरवतो." ही विमलताई म्हणजे आमच्या भागातल्या वेचणीवाल्या बायांची मुकादम. ती म्हणेल त्या शेतावर बाया जातात आणि ती म्हणेल तीच झोळी बांधतात.

यंदा पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर थांबला. कपाशी अशी फुटली की बांधावरून पाहिलं तर शेतात चांदणं सांडल्यासारखं वाटावं. बायांनी या वर्षी लालीबाईला सांगून फुंदे जास्त भरगच्च करून घेतले होते. पहिला वेचा आमच्याच शेतात झाला. आमच्या घरचे, म्हणजे देवराव, कापूस पिकअपमध्ये भरून जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, घेऊन गेले. मी दारात पाण्याचा तांब्या ठेवून वाट पाहत होते. गाडी आली, पण भरलेलीच आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाडीच्या पोटात हात घातला जिनवाल्यानं अन् लाल धागा काढला," हे म्हणाले. "मंग हिरवा काढला. मंग म्हणते कसा, काका, कापूस आणला का गोधडी?" जिनवाल्याचं म्हणणं होतं की यंत्रात रुईतली सरकी निघते, पण रुईतला रंगीत धागा निघत नाही. तो सुतात जातो, सुतातून कापडात जातो आणि मग अख्खा ताग्याचा तागा डागी ठरतो. साफ करून आणा, नाहीतर कवडीच्या भावात द्या. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. आमच्या चांदण्याला कवडी म्हटलेलं यांना सहन झालं नाही. गाडी वळवून घरी आले.

आम्ही अंगणात चादरी अंथरल्या आणि कापूस पसरून निवडायला बसलो. तांदळातले खडे निवडावे तसे धागे निवडत होतो. सासूबाईंच्या हाताला एक अख्खा फुंदा लागला. त्यांनी तो उजेडात धरला.

"ही तं आपल्या लालीची कारागिरी," त्या म्हणाल्या. फुंदा बाजूला ठेवून त्या पुन्हा धागे निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं की आणखी चारपाच जणांच्या गाड्या अशाच परत आल्या. बाया झुडपांतून चालतात, काट्याकुट्यांत फुंदा अडकतो, लोकर तुटते आणि कापसात जाते. आधीचे विरळ फुंदे इतके तुटत नसत, यंदाच्या भरगच्च लोकरीनं घात केला. शेतकऱ्यांनी विमलताईला सांगून टाकलं, लालीची झोळी बांधून कोणी बाई आमच्या शेतात यायची नाही. हंगामाला नुकतीच सुरुवात होती. झोळ्या गेल्या तर लालीबाईचं वर्षच गेलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिचं नाव जाणार होतं. ओट्यावर बसणाऱ्या बाईजवळ दुसरं असतं काय?

मी बाजारात गेले तेव्हा ती कात्रीनं फुंदे कापत बसली होती. पायाशी रंगीत ढीग साचला होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची गाडी वापस आली म्हणे."

"आली. निवडून झाला कापूस. उद्या गाडी जाते परत."

"माहीच चूक हाय, दीपाबाई. मले वाटलं, शोभा वाढून राह्यली. पिकाची शोभा पांढरी राह्यते, हे ध्यानातच नाही आलं." मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "अन् फुंदे कापून काय होते? कापडच नायलॉनचं, रंगाचं. तेबी सुटते. पांढरं सुती पाहिजे, अन् वापरून मऊ झालेलं. नवं सुती बायाच्या कमरेले काचते. एवढं जुनं पांढरं कापड मी आणू कुठून?"

मी पिशवी उचलून निघाले. पण घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, आमच्या पेटीतल्या पांढऱ्या साड्या.

आम्ही बौद्ध बाया विहारात पांढरी साडी नेसून जातो. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने, पौर्णिमेच्या उपोसथाचा उपवास, धम्मचक्र प्रवर्तन दिन. वर्षानुवर्षांच्या धुण्यानं त्या साड्या विरतात, पण टाकवत नाहीत. कुठं टाकणार? जी साडी नेसून आठ नियमांचं अष्टशील घेतलं, ती फाडून शेतात झोळी करायची, हे माझ्या मनाला पटेना. चांगल्या कामासाठी का होईना, पण वस्तूचा मान राहतो की जातो? संध्याकाळी वंदना झाल्यावर मी भीतभीतच सासूबाईंना विचारलं.

त्यांनी विझत आलेली मेणबत्ती सारखी केली. मग म्हणाल्या, "यंदा वर्षावासात भंतेजी काय सांगत होते? भिक्खूचं अंगावरचं चीवर फाटलं की त्याची चादर, चादर फाटली की पायपुसणं, अन् पायपुसणंबी गेलं की चिखलात कालवून भिंतीले लावाचं. तवा तं तू मान हलवून राह्यली होती."

"हलवत होते."

"मंग? मान हलवाले साडी चालते, अन् कामाले नाही चालत काय?" असं म्हणून त्या उठल्या आणि पेटीतून सगळ्यात आधी स्वतःची साडी काढली.

रविवारी विहारात वंदनेनंतर मी गोष्ट काढली. एकदोघींनी आढेवेढे घेतले. उर्वशी म्हणाली, "माही टेरिकॉटची हाय, चालन का?" मी म्हटलं, "सुतीच पाहिजे, बाई. टेरिकॉटची तू नेस." हसता हसता गठ्ठा जमला. तो डोक्यावर घेऊन मी आणि सासूबाई ओट्यावर गेलो.

लालीबाईनं गठ्ठा सोडला आणि हात आखडून घेतले. "हे तं तुमचं पूजेचं नेसू. मी कशी कात्री लावू, याडी?" तिच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"मी धुतली, मी आणली, अन् मीच सांगून राह्यली," सासूबाई म्हणाल्या. "लाव कात्री. पोरगी असून आईचं आइकत नाही का?"

लालीबाईनं साडी कपाळाला लावली, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि मग कात्री चालवली. शिलाईचा दोराही पांढरा सुती घेतला, कडा दोनदा दुमडल्या. संध्याकाळपर्यंत झोळ्यांची चळत उभी राहिली.

पण विमलताईनं त्या पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं. "कापड झकास हाय. पण आता कोणाची कोणती, कसं समजन? वजनकाट्यापाशी साऱ्या झोळ्या एका ठिकाणी पडते. ज्या बाईनं जेवढा वेचला तेवढीच तिची मजुरी. लाल फुंदेवाली सुमनची, हिरवीवाली गंगूची, असं होतं. पांढऱ्या ढिगात तं भांडणं लागन."

म्हणजे फुंदा नुसता शोभेचा नव्हता, तर बाईच्या नावाची पाटी होती. हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. आणि काळा-निळा दोरा वापरायची सोय नव्हती. विमलताई झोळ्या तिथंच ठेवून निघून गेली. मला वाटलं, झालं, साड्याही गेल्या आणि लालीबाईचं नावही गेलं.

त्यानंतर दोन दिवस मशीनचा आवाज नव्हता. मी भाजीला गेले तर लालीबाई मान खाली घालून हातानं काहीतरी शिवत होती. जवळ जाऊन पाहिलं, पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं नक्षी चालली होती. तिच्या आईनं कांचळीवर, म्हणजे चोळीवर, भरलेली, तिनं लहानपणी शिकलेली. टाके असे दाट आणि उंच की डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागावेत. एकीवर चौकट, एकीवर नागमोडी रेघ, एकीवर शंकरपाळे. धागा तुटलाच तरी पांढऱ्यात पांढरा, सुतीत सुती.

विमलताईला बोलावलं. कोणती कोणाची ते ऐकत तिनं एकेक झोळी चाचपली. मग डोळे मिटून तीन झोळ्या अदलाबदल करून पुन्हा चाचपल्या आणि कोणती कोणाची ते न चुकता सांगितलं.

"पण माह्या झोळीवर काय काढलं हे?" तिनं विचारलं.

"मिरची," लालीबाई म्हणाली. "तुह्या जिभेची."

विमलताई इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. जाताना सगळी चळत घेऊन गेली.

दुसरा वेचा त्याच झोळ्यांनी झाला. हे पुन्हा जिनवर गेले. त्या माणसानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, तीन जागी घातला, मूठभर कापूस उजेडात धरून ओढून पाहिला. मग नुसतं म्हणाला, "घ्या आत." मला घरी येऊन सांगताना यांनी ते दोन शब्द चारदा सांगितले. रात्री वंदनेच्या वेळी मी फुलांच्या जागी बोंडातला ताजा कापूस ठेवला. फुलं होती, पण मला तोच ठेवावासा वाटला.

आता तांड्यावरून, शेजारच्या गावांतूनही लालीबाईकडे पांढऱ्या झोळ्यांची मागणी येते. बाया जुनी सुती धोतरं, जुन्या गाद्यांची अस्तरं घेऊन येतात. आणि कापलेले फुंदे? ते तिनं फेकले नाहीत. काल सकाळी सेवादासचा ऑटो आमच्या दारावरून बायांना घेऊन निघाला, तर काचेभोवती, हँडलला, आरशाला लाल, हिरवे, पिवळे फुंदेच फुंदे. नवरदेवाच्या घोड्यालाही एवढे नसतील.

सासूबाई घराच्या ओट्यावरून ओरडल्या, "सेवादास, समोरच बांधजो रे बाप्पा! मांगं बाया अन् झोळ्या हायेत!"

सेवादासनं भोंगा वाजवला आणि ऑटो शेताच्या वाटेला लागला.