गोगलगाईचं छप्पर

माझ्या मावशीने आयुष्यभर लाँड्रीत लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले, आणि उरलेल्या वेळात एका गाडीची उस्तवार केली. गाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन, आणि छप्पर इतकं खाली की काका रोज सकाळी उठताना डोकं आपटून घ्यायचे. काकांनी ती जुनीच विकत घेतली तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. माझ्या वडिलांनी तिला गोगलगाय असं नाव ठेवलं. ठेवलं होतं चिडवायला, पण मावशीला ते भारी आवडलं, मग चिडवण्यातली मजाच गेली.

सुट्टी लागायच्या आधीचा रविवार गोगलगाईच्या सर्व्हिसिंगचा. मी लहानपणी त्यासाठी हट्ट करून मावशीकडे राहायला जायचे. काकांचा पोटापाण्याचा धंदाच ट्रक चालवायचा, त्यामुळे गाडीखाली शिरलेला हा माणूस दुपारपर्यंत दिसायचाच नाही. ऑइल बदलायचे, टायरच्या भेगा बघायचे, बॅटरीवर चढलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुवायचे. आतला कारभार मावशीचा. पाण्याची टाकी सोड्याने धुवायची, कपाटांच्या कड्या तपासायच्या, आणि गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघत बसायचं. बुडबुडा आला की गॅस गळतोय.

"माणसं थापा मारतात, साबण नाही मारत," असं ती म्हणायची, काकांकडे बघून.

शेवटी छप्पर. काका वर चढून सांध्यांमध्ये पांढरं सीलंट भरायचे. ते वाळलं की दुसऱ्या दिवशी पाइपने पाणी मारायचे, आणि मावशी सगळं बंद करून आत छताकडे बघत उभी. आतली हाक वर पोचत नाही, म्हणून तिच्या हातात कपडे घासायचा ब्रश असायचा. त्याच्या लाकडी पाठीने छताला एकदा ठोकलं तर इथे गळतंय. दोनदा ठोकलं तर चहा झाला, उतरा; हे आदल्या दिवशी सीलंट भरतानाही चालायचं. चहा गाडीतल्याच शेगडीवर व्हायचा, म्हणजे शेगडीचीही परीक्षा झाली. तसला चहा मी नंतर कुठेच प्यायले नाही. थोडा साबणाचा वास यायचा त्याला, खोटं कशाला बोलू.

काका गेले. मावशी गाडी चालवायला आधीच शिकलेली होती, ती एकटीच फिरायला जायला लागली. सर्व्हिसिंगला इंजिनाचं काम गॅरेजवाला करायचा आणि छपरावर पाणी मावसभाऊ मारायचा, म्हणजे शिडीवर उभा राहून झाडांना घालावं तसं. दोन वर्षं त्याने ते केलं. तिसऱ्या वर्षी त्याने जाहीर केलं की आता पुरे. छप्पर गळलं तर गाडी विकायची, या वयात ओल्या गादीवर झोपून आईला न्यूमोनिया झाला तर निस्तरणार कोण. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पण स्वतः यायचं सोडून त्याने पंच म्हणून मला पाठवलं, याचा मला राग आला. माझी दुखरी कंबर काय माहेरी ठेवून आले होते मी?

तर मी शिडीवरून छपरावर गेले आणि पाणी सोडलं. पुढचे सांधे झाले, मागचे झाले. आतून काही आवाज नाही. मधल्या झरोक्याशी आले आणि बघते तर कडेच्या सीलंटमध्ये एका जागी पंजाएवढा खळगा, त्यात पाणी साचतंय आणि गुपचूप कुठेतरी जातंय. मी पाइप तिथेच धरला. ठोका नाही. आणखी धरला. तरी नाही.

मी उतरले आणि दार उघडलं. मावशी झरोक्याखाली उभी होती. दोन्ही हातांनी डोक्यावर पातेलं धरलेलं, ब्रश काखेत, बाही कोपरापर्यंत ओली.

"ठोकलं का नाहीस?"

"हात मोकळा नव्हता," मावशी म्हणाली.

मला हसू आलं आणि मग ते गेलं, कारण ती पातेलं घेऊन तशीच पलंगावर बसली.

"सांग जा त्याला. गळतंय म्हणून सांग. दोन वर्षं गळतंय, मीच बोलले नाही." तिने बाही पिळली. "फ्लॅटमध्ये मी त्याची म्हातारी आई आहे गं. औषधं घेतलीस का, जेवलीस का. इथे बसले की मी अजून ह्यांची बायको असते. ही गेली की ते पण संपलं."

मी जे बघितलं तेच सांगितलं. झरोक्यापाशी सीलंटमध्ये पंजा उमटलाय, त्यातून पाणी येतंय.

"कुणाचा पंजा?"

"डावा आहे. करंगळी बाहेर वाकलेली."

काकांची करंगळी ट्रकच्या दारात सापडून वाकडी झाली होती. मावशी उठली. गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत, मला खालून धरायला लावून ती शिडी चढली. इतक्या वर्षांत छपरावर ती पहिल्यांदाच गेली. पंजाशेजारी बसली आणि वाकून करंगळी बघितली.

"ओल्या सीलंटवर हात ठेवून बसतं का कुणी? मला कधी बोट लावू दिलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटची काही वर्षं काका टीव्ही मोठ्याने लावायचे. आपण बोललो की तोंडाकडे बघायचे आणि भलत्याच जागी हसायचे.

"मावशी, काकांना ऐकू कमी यायचं का गं?"

"छे. माझे दोन ठोके पडले की लगेच खाली. शेवटच्या वर्षीसुद्धा." बोलता बोलता तिने पंजाकडे बघितलं. मग आपला हात हळूच त्यात ठेवला. तिचा लहान होता, चारी बाजूंनी जागा उरली.

"ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "हाताला कळत होतं. म्हणून हात टेकवून बसायचे. मला बोलले असते तर मी चालवू दिली नसती गाडी." तिने नाक पुसलं. "लबाड मेला."

"तू तरी कुठे ठोकलंस?"

ती रडता रडता हसली, आणि म्हणाली, "खरवड आता."

मी म्हटलं, "राहू दे ना तेवढं, कडेने भरू."

"पाणी तिथूनच येतंय. आपल्या हातामुळे गाडी गळली असं त्यांना कळलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आण ती खरवडायची पट्टी."

करंगळीपासून तिनेच सुरुवात केली. पुढचं मी केलं, तिला दिसेना म्हणून. खालची फळी दाबून बघितली, जरा फुगली होती, पण शाबूत होती. पुसून कोरडी केली आणि नवं सीलंट भरलं.

दुसऱ्या दिवशी मी परत पाणी मारलं, झरोक्याशी सगळ्यात जास्त. या वेळी पातेलं मी आधीच काढून घेतलं होतं. एकही ठोका आला नाही. मावसभावाला तिथूनच फोन लावला आणि गळत नाही म्हणून सांगितलं. मग पाइप बंद केला.

थोड्या वेळाने आतून दोनदा ठोकलं. मला चांगलं ऐकू आलं होतं, पण मी उतरले नाही. सीलंट सोडून पत्र्यावर डावा हात टेकवला, कान बंद केल्यासारखी बसून राहिले. मावशी वाट बघून वैतागली असणार. तिने पुन्हा ठोकलं, जोरात, आणि ते दोन्ही ठोके माझ्या तळहाताला लागले.