खाणारी तोंडं

लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझी थोरली बहीण बाळंतपणाला माझ्याकडे बेळगावला आली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिला निपाणीजवळच्या एका खेड्यात दिलेली. घरी तंबाखूच्या शेताचा एक तुकडा, सासू, नवरा आणि तिची सहा पोरं. हे सातवं. आम्ही दोघी सदलग्याकडच्या शेतकरी घरातल्या. मी धाकटी म्हणून मला शाळा मिळाली आणि पुढं बेळगावातल्या एका मास्तरांशी लग्न झालं. आक्काच्या वाट्याला शाळा आली नाही.

तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार संकेश्वरच्या पुढं चढाला बंद पडली आणि सगळ्यांना उतरून चालायला लावलं, अवघडलेल्या बाईलासुद्धा. आक्का दारात आली ती चप्पल हातात घेऊन. पाय सुजले होते, ओठ पांढरे पडले होते. ती माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी, पण शेजारणीनं मला हळूच विचारलं, "आई आली काय हो तुमची?"

त्या दिवसांत ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला होता. सकाळी पिशवी घेऊन धान्याच्या दुकानापुढं उभं राहायचं, ऊन चढेपर्यंत. कधी किडकी ज्वारी, कधी काहीच नाही. आक्का म्हणायची, मी येते उभी राहायला. मी तिला नेत नसे.

आमचे हे वाचनालयाच्या व्याख्यानांची व्यवस्था बघायचे. त्या महिन्यात पुण्याहून एक विद्वान गृहस्थ यायचे होते. विषय होता वाढती लोकसंख्या आणि देशाचं संरक्षण. बायकांनीही यावं, असं यांचं म्हणणं. मी निघाले तशी आक्का म्हणाली, "नुसतं बसायचंच न्हवं? मग मी बी येते."

आम्ही मागं, खांबाच्या आडोशाला बसलो. व्याख्याते सडपातळ होते, आवाज स्वच्छ होता. त्यांनी मांडलं ते मला आजही आठवतं. शत्रू पूर्वेच्या दाराशी आला आहे. फौजेला धान्य लागतं, घोड्यांना लागतं, कारखान्यांतल्या माणसांना लागतं. पण धान्य पिकायच्या आधीच ते खाणारी तोंडं जन्माला येत आहेत. उपाशी देश आपली सीमा राखू शकत नाही. मग जरा थांबून ते म्हणाले, "खरा धोका वेशीबाहेर नाही, तो आपल्या पाळण्यात आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या.

आक्का माझ्या कानाशी लागली. "माझ्याबद्दल बोलत्यात काय गं?"

"न्हाय गं. सगळ्यांबद्दल."

"मला माझ्याबद्दलच वाटलं," ती म्हणाली आणि पदर पोटावर ओढून घेतला.

व्याख्यान संपल्यावर ते गृहस्थ आमच्याकडेच जेवायला आले. घरात होते तेवढे तांदूळ मी पाहुण्यांसाठी काढले. मी चुलीपाशी आणि आक्का वाढायला. मी नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा भात वाढताना ती पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली.

"साहेब, तुम्ही सांगितलासा ते मला पटलं. लई पोरं नकोत. पण थांबवायचं कसं, ते न्हाय सांगितलं."

पाहुण्यांचा हात ताटातच राहिला. यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, हिला आत ने.

"संयम, बाई," पाहुणे खाली बघत म्हणाले. "मनावर ताबा ठेवायचा."

"ते आमच्या मालकास्नी सांगा की. मला कोण इचारतंय?"

ती हे रागानं म्हणाली नाही. दुकानात मीठ आहे का विचारावं तशी म्हणाली. मग भात वाढून आत आली आणि भिंतीला टेकून बसली. पाहुणे वाईट नव्हते. हात धुताना ते यांना म्हणाले की साधनं निघाली आहेत, मुंबई-पुण्याकडे मिळतात. इथल्या एखाद्या डॉक्टरीणबाईंना विचारा. बायका समोर बसलेल्या असताना हे बोलायचा आपल्याला धीर होत नाही, असंही त्यांनी कबूल केलं. त्यांच्या पत्नीला काय काय सोसावं लागलं होतं कुणास ठाऊक. 

पुढच्या पंधरवड्यात आक्काला मुलगी झाली. बाळ बारीक होतं पण जगलं. महिन्याभरानं मी तिला गावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई गोव्याकडच्या, मराठी तुटक बोलायच्या. आक्काच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि मला म्हणाल्या, "रक्त नाही हिच्यात. आणखी एक मूल, तर ही नाही राहणार." मग कपाटातून रबराची एक लहानशी टोपी काढली, मूल राहू नये म्हणून बाईनं ती कशी वापरायची, कशी धुवायची, कुठं ठेवायची, सगळं न लाजता समजावलं.

आक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आमच्या घरात दाराची खोली एकच. तिथं सासू आणि तंबाखू झोपत्यात."

डॉक्टरीणबाई हसल्या. आक्काही हसली. मला हसू आलं नाही. ती टोपी तिनं घेतली, हळदीच्या डब्यात घातली आणि गावी गेली.

तिचा थोरला मुलगा त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी आमच्या दारात उभा राहिला. मिसरूड फुटलेलं, अंगानं भरलेला. कॅम्पात फौजेची भरती चालू आहे, मी जाणार, म्हणाला. दोन दिवसांत त्याची छाती मोजली, दात बघितले आणि घेतलासुद्धा. बातमी गावी पोचली तसे आक्का आणि तिचा नवरा, आमचे दाजी, दोघं आले. मला वाटलं, पोराला परत न्यायला आले. पण दाजी सोप्यात बसून जमिनीकडे बघत म्हणाले, "चार ल्योक हाईत. त्या तुकड्याचं किती वाटं करायचं? जाऊ दे त्याला."

आमच्या यांना वाटलं, काहीतरी धीर द्यावा. "देशाला आज माणसं हवी आहेत," ते म्हणाले.

आक्कानं मान वर केली. "त्या दिवशी लई झाल्यात म्हणत हुता न्हवं? मग आता कमी पडल्यात?"

दाजींना कशाबद्दल चाललंय ते कळलंच नाही. मी चहा ठेवायला उठले, आणि साखर नाही म्हणून गुळाचा केला.

पोरगा गेला. लोंढ्याकडून की मिरजेकडून, रेल्वेनं कुठून नेलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. वर्षभरानं मी तिच्या गावी गेले तर आक्का पुन्हा पोटुशी. ती स्वतःहून म्हणाली, "ते सासूला गावलं. हळदीत काय घातलंयास म्हणून इचारलं. औषध म्हटलं. तिनं उकिरड्यात टाकलं."

"मग मला सांगावा धाडायचा."

"काय म्हणून धाडू? आणि कुणाकरवी?"



आठवं मूल मेलेलंच जन्मलं. आक्का तीन दिवस भानावर नव्हती. मी तिच्या उशाशी होते. अंगणात बायका येऊन बसायच्या. सासू त्यांना सांगायची की एक लढाईवर गेलाय, एक असं झालं, म्हणून तर घरात पोरं पाहिजेत. तिचीही तशी सात गेली होती म्हणे. दाजी तेवढे जगले. ती तिच्या जागी खोटं बोलत नव्हती. आक्का वाचली, पण तिचे केस त्या एका महिन्यात विरळ झाले.

ती उठून बसायला लागली त्या दिवशी दाजींनी आपलं घोंगडं उचललं आणि खांद्यावर टाकलं. मेहुणीशी ते एरवी बोलत नसत. उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "तुम्ही हिला डाक्टरणीकडं नेलतासा, ते मला आत्ता कळलं. मला कोण काय सांगितलंच न्हाय." मग जरा वेळानं, "मी आता शेतातल्या खोपीत ऱ्हातो." आणि गेले.

ते तिथंच राहिले. दोन्ही वेळचं जेवण पोरं खोपीवर पोचवायची. गावात नाही नाही ते बोलणं झालं. कुणी म्हणालं, नवरा-बायकोचं बिनसलं. सासूनं तर कुणीतरी करणी केली म्हणून उतारा टाकला. आक्का कुणाला काही सांगत नसे. मला एकदा म्हणाली, "चांगला माणूस हाय गं. पावसात खोप गळती." पुण्याच्या पाहुण्यांनी सांगितलेला संयम तो हाच असावा. मला मात्र त्या खोपीकडे बघवत नसे.

लढाई संपली आणि थोरला सुटून आला. आधी कॅम्पात, मग आमच्याकडे. दुपारी जेवायला बसला. मी भात वाढला आणि पेज वेगळी काढून गाईला ठेवली. तो त्या पेजेच्या भांड्याकडे बघत राहिला.

"काय रं?"

"काय न्हाय मावशी." मग घास न घेताच बोलायला लागला. "आम्ही बंगालात हुतो. काम गुदामावर. तांदळाची पोती वरपातूर रचलेली. तारंच्या पलीकडं माणसं बसायची. ती भांडायची न्हाईत, दगड मारायची न्हाईत. भात तरी कुठं मागायची? नुसती पेज मागायची. उजाडलं की त्यातली काही उठायचीच न्हाईत."

"तू दिलीस का?" मी विचारलं.

"साहेब नसला म्हंजे द्यायचो. सगळ्यास्नी पुरती व्हय?"

यांनी विचारलं, "गुदाम कुणापासून राखत होता तुम्ही?"

"शत्रूपासनं. शत्रू काय आम्हाला दिसला न्हाय."

हे जेवून उठले आणि पुस्तक उघडून बसले.

पोरगा गावी गेला. बंदूक चालवलेला माणूस म्हणून निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीनं त्याला पहाऱ्यावर बोलावलं. पगार बरा होता, तरी तो नको म्हणाला आणि सर्व्हिस मोटारीवर लागला. घरचा तुकडा बाकीच्या तिघांना राहिला. तिघांनाही तो पुरणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा आक्का शेंडेफळाला घेऊन माझ्याकडे आली होती. रस्त्यावर तोरणं लागली होती, शाळांतून मुलं ओळीनं निघाली होती. यांनी स्वच्छ धोतर नेसलं आणि आक्काला म्हणाले, चला, बघायला चला. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी जरा पडते." आम्ही परतलो तेव्हा ती चटईवर गाढ झोपली होती. शेजारी पोरगी जागी होती, तिच्या मुठीत चुरमुरे होते, आणि ती एकेक करून ते आईच्या उघड्या तळहातावर ठेवत होती.