माझ्या दाराचं तोरण

नवरा चैत्रात गेला. गुढी उतरवली त्याच आठवड्यात. कंपनीतून पाळी संपवून आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

तेराव्याला इंदुरीला सासरच्या घरी थोरल्या दिरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आता वरीसभर सण न्हाई. दाराला तोरण न्हाई, कंदील न्हाई, गोडधोड न्हाई." मी मान हलवली. त्या दिवशी कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी हलवली असती.

मग मी आणि माझी दहावीत जाणारी मुलगी घोरावाडी स्टेशनमागच्या आमच्या दोन खोल्यांत परत आलो. कंपनीचा पगार थांबला होता. मी लोणावळ्याला एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला लागले. श्रावण गेला, गणपती गेले. चाळीत आरती सुरू झाली की आम्ही दार लोटून घ्यायचो. प्रसाद कुणीतरी उंबऱ्यावर ठेवून जायचं, हातात द्यायचं नाही. टाळ्यांचा आवाज आला की मुलीचं पुस्तकाचं पान उलटायचं थांबायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानात बायका झेंडूच्या भावावर बोलत होत्या. फुलं किती महाग झाली, दाराला पुरेसं तोरण करायचं तर किती लागतात, वगैरे. मी खोक्यांना घड्या घालत होते. त्यातली एक माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं बरंय बाई. यंदा सुटलीस तू. खर्च वाचला."

वाईट मनाने नाही म्हणाली ती. पण माझ्या हातातलं खोकं तसंच राहिलं. सुटले? कशातून सुटले? दार माझं, त्यातून रोज आत-बाहेर करणारी मी आणि माझी पोरगी, आणि आमच्या दाराने सहा महिने तोंड पाडून उभं राहायचं, यात कुणाचं काय वाचलं होतं?

सुट्टी झाल्यावर मी शेठना विचारून दोन फाटकी खोकी आणि सोनेरी कागदाचे उरलेले तुकडे पिशवीत घातले. नेहमी लोकलने जाते, त्या दिवशी हायवेवर येऊन बस पकडली आणि कार्ले फाट्यावर उतरले. तिथे माझं माहेर. भावाचं भात रस्त्यापासून आत आहे, कडेचं थोडं पिवळं पडायला लागलं होतं. भाऊ बांधावरच होता.

"लोंब्या पायजेत," मी म्हणाले. "कवळाभर."

वहिनी शेजारी गवत कापत होती. ती उभी राहिली. "ताई, यंदा?"

"यंदाच."

भावाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विळा घेऊन वाफ्यात उतरला. बांधावर कुर्डू माजलं होतं. त्याचे पांढरे-गुलाबी तुरे मी स्वतः तोडले. कुर्डूला कुणी भाव विचारत नाही. ते तण आहे, फुकट आहे, आणि वाळलं तरी रंग सोडत नाही. आंब्याची पानं परसातली घेतली. वहिनीने परसातली ओंजळभर झेंडूची फुलं माझ्या पदरात टाकली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मुलगी अभ्यासाला बसली होती. मी जमिनीवर पोतं पसरून सगळं ओतलं. ओल्या भाताचा वास खोलीभर झाला. ती म्हणाली, "आई, काका रागावतील."

"रागावू देत. कात्री आण."

लोंब्यांची देठं हिरवी असतात तोवरच वळतात. वाळल्यावर तुटतात. म्हणून थोड्या थोड्या लोंब्यांची जुडी करायची, सुतळीत वेणीसारखी गुंफायची, दाणे सगळे खाली लोंबते ठेवायचे. खोक्याच्या पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून तिच्यावर ही वेणी शिवली, म्हणजे मधे झोळ पडत नाही. दोन जुड्यांच्या मधे एक कुर्डूचा तुरा, एक आंब्याचं पान. झेंडू थोडेच होते, ते मुलीने मध्यभागी घेतले. सोनेरी कागदाच्या तिने बारीक पट्ट्या कापल्या आणि दोन्ही टोकांना झिरमिळ्या केल्या. भाताच्या पात्यांनी आमची बोटं चिरली. पुठ्ठ्यावर चिक्कीचं नाव छापलेलं होतं, ते तिने नेमकं दर्शनी बाजूला शिवलं होतं. लक्षात आल्यावर आधी ती हसली, मग मी. त्या खोलीत आम्ही दोघी एकदम हसलो, असं चैत्रानंतर पहिल्यांदा झालं. मग पट्टी उसवून उलटी शिवली.

नवऱ्याच्या आठवणीसाठी केलं असं मी म्हटलं असतं, तर पुढे सगळ्यांनी मला माफ केलं असतं. पण ते खरं नव्हतं. त्याला असल्या गोष्टींचं काही नव्हतं. तो बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं तोरण दरवर्षी साबणाने धुऊन लावायचा आणि माझ्या लोंब्या पाहून म्हणायचा, "म्हशीचा चारा लावतीस का दाराला?" मी त्याला जीव लावला, त्याच्यासाठी रडले, अजून रडते. पण ते तोरण माझ्यासाठी होतं.

सकाळी खिळ्यापर्यंत माझा हात पोचेना. शेजारच्या मावशी बाहेर आल्या. त्यांच्या घरी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. त्या पांढरं लुगडं नेसून विहाराकडे निघाल्या होत्या. माझ्याकडे, तोरणाकडे पाहिलं. चाळीत आमच्या घरचा नेम सगळ्यांना ठाऊक होता.

"तुजं तू ठरव," त्या म्हणाल्या. "स्टूल पायजे तर घे."

मी स्टूल घेतलं.

दुपारी थोरले दीर आले. घरचे तांदूळ पोचवायला आले होते. पोतं खांद्यावरच होतं, दाराशी थांबले. पोतं खाली ठेवलं.

"ह्ये काय?"

"तोरण."

"मी काय सांगितलं हुतं?"

"सांगितलं हुतं तुमी."

त्यांनी तोरणाकडे हात वर केला. मी उंबऱ्यात उभी राहिले, अगदी मधोमध. "भावजी, हात लावू नका."

चाळीतली दारं एकेक करून उघडली. दीर हळू आवाजात म्हणाले, "लोकं काय म्हणतील? माजा भाऊ गेलाय. धाकटा भाऊ गेलाय माजा." त्यांचा आवाज फाटला. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी जागची हलले नाही.

"माजा नवरा गेलाय," मी म्हणाले. "तुमचं दुःख तुमच्या दारात तुमी पाळा, मी तितं येऊन एक शब्द बोलणार न्हाई. ह्ये दार माजं हाय. ह्या पोरीचं हाय. तिनं आनखी किती दिवस अंधारात बसायचं?"

ते वळले. पोतं आत न आणता तिथेच ठेवून गेले. ते मी आणि मुलीने ओढत आत घेतलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांना मी आत्या म्हणते. त्या एवढंच म्हणाल्या, "माज्या लेकाला इतक्यात इसरलीस?"

"न्हाई इसरले, आत्या."

त्यांनी फोन ठेवला. त्या रात्री मी जेवले नाही. पण तोरणही काढलं नाही.

दोन-तीन दिवसांत चिमण्यांना पत्ता लागला. सकाळी दारावर नुसती झुंबड. तुसं खाली पडायची, ओटा सारखा झाडावा लागायचा, पलीकडच्या बाईने कुरकुर केली. मी झाडत राहिले. दाणे संपले तरी कुर्डू तसंच होतं, रंगासकट. दिवाळीला आम्ही कंदीलही केला. कामट्या भावाने तासून दिल्या, कागद दुकानातला. जरा वाकडा झाला. इंदुरीहून फराळ आला नाही, कुणी फिरकलं नाही. मुलगी भाऊबीजेला चुलतभावांची वाट पाहत दारात बसली होती, ते मला लागलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन.

वर्षश्राद्धाला मी इंदुरीला गेले. पहाटेपासून चुलीपुढे बसले, सगळं रांधलं, वाढलं. जावा कामापुरतं बोलल्या. आत्यांनी पोरीला जवळ घेऊन तिचा पेपर कसा गेला ते विचारलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पंगत उठल्यावर थोरले दीर हात धुऊन माझ्यापाशी आले. घसा खाकरून म्हणाले, "झालं आता वरीस. आता तोरण लावायला हरकत न्हाई."

मी पातेलं खाली ठेवलं.

"मी इचारलं न्हवतं, भावजी."

ते पंच्याला हात पुसत पडवीत निघून गेले. मी माझं ताट वाढून घेतलं आणि त्या घरात, सगळ्यांच्या देखत, पोटभर जेवले.