पाठीतला दोर

‘दोर?’ डॉक्टर म्हणाला. पेन खाली ठेवलं. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यांच्याकडं बघून म्हणाला, ‘ऐकलंत का? यांच्या मंडळींच्या पाठीत दोर आहे. बादली बांधा आजोबा, आणि सोडा विहिरीत.’

दोघं हसले. टेबलावर माझी बायको पडलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर. तिनं पदर तोंडावर ओढला.

आणि मी? मीही हसलो. सत्तरीचा माणूस, बोळकं उघडून हसलो. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, ही हाडात मुरलेली सवय. ते हसू मला अजून खातं.

मी काय सांगायला गेलो होतो ते ऐका. आम्ही माण तालुक्यातले, बापजाद्यांपासून मेंढरांमागं. शाळा चौथीपर्यंत, तीही तुटक. बायकोच्या पायाला आधी मुंग्या यायच्या. मग एक दिवस माळावरनं आली ती एकाच पायात चप्पल घालून.

‘दुसरी कुठं हाय गं?’

तिनं खाली बघितलं. ‘आवं, गळली कवा?’

तळव्यात बाभळीचा काटा, अख्खा आत. मी चिमट्यानं उपसला, रक्त आलं. ही आपली माझ्याशी कोकरांचं बोलत बसलेली. पाठीत मधोमध दुखतंय म्हणायची. आणि कमरेला पट्टा आवळल्यागत वाटतंय म्हणायची.

असं मी एका मेंढीत बघितलं होतं. कड्यावरनं पडली. पुढचे पाय धड, मागचे फरफटत. कापली तेव्हा मणके उघडून बघितले. त्यांच्या आतनं पांढरा मऊ दोर जातो, टाळक्यातल्या मेंदूपासून पार शेपटीकडं. एका जागी चेंगरला होता. त्याच्या पुढचं अंग जितं, मागचं मेलेलं. बायकोनं डॉक्टरला चप्पल, काटा, पट्टा सगळं सांगितलं. वर मी एवढंच म्हटलं, ‘सायेब, हिच्या पाठीतला दोर कुठंतरी दाबलाय.’

‘तू मेंढरं राख,’ तो म्हणाला. ‘ही बाई आहे, मेंढी नाही.’ ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. पाठीला हात लावला नाही. शहरात विश्रामबागेतला काचेचा दवाखाना, आम्ही दोन एसट्या बदलून आलेलो. पाया पडून बाहेर निघालो. होय, पाया पडून.

जिन्यात बायको म्हणाली, ‘तुमीबी काय बी बोलताय. हसली की माणसं.’

वीस दिवसांत पाय गेले. लघवी तुंबली. तिला साताऱ्याला नेलं. तिथं मशीनमधनं फोटो काढला. हाडाचा टीबी. मणका कुरतडलेला, पू साचून आतनं दाब आलेला. तिथला डॉक्टर म्हणाला, ‘आधी का नाही आणलं?’

म्हटलं, ‘आणलं हुतं.’

ऑपरेशन झालं. पाय आले नाहीत. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या खोलीत भिंतीवर माणसाच्या अंगाचा तक्ता होता. मी अक्षर अक्षर लावून वाचला. मेंदू. मग म-ज्जा-र-ज्जू.

‘बाई, रज्जू म्हंजी काय वं?’

‘दोर, बाबा.’

‘म्हंजी पाठीतला दोर?’

‘हो, मज्जेचा दोर. शास्त्रातलं नावच तसं आहे.’



त्या बाईंनी मला बसवून सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. डोक्यात मेंदू, पाठीत रज्जू, त्यातनं फुटलेले धागे बोटाबोटापर्यंत. काही धागे खालची खबर वर नेतात, काटा बोचला, तवा तापलाय. काही वरचा हुकूम खाली आणतात, पाय उचल. आणि चटका बसला तर हात मेंदूला विचारायला थांबत नाही, रज्जूच त्याला मागं ओढतो. कळ त्यानंतर कळते.

बायको ऐकत होती. म्हणाली, ‘म्हंजी माझा पाय वरडतोय, पर मलाच ऐकू यीना, व्हय?’



झोपेत आपण कूस बदलतो, कारण अंग रुतलं की अंगच खबर देतं. हिचं अंग खबर देईना. मी वळवायचो तिला, पण म्हातारे दोन हात किती पुरणार. माकडहाडाजवळ जखम झाली. हाडापर्यंत गेली. वास मला आला, कळ तिला आली नाही. विष रक्तात उतरलं आणि ती गेली.

तेरावं उरकलं आणि मी त्या डॉक्टरचा जुना कागद घेऊन विश्रामबागेत गेलो. कागद इंग्रजी. व्यायामाच्या बाईंनी वाचून दिला होता, ‘वृद्ध स्त्री. अशक्तपणा. इतर तक्रार नाही.’ चप्पल नाही, काटा नाही, पट्टा नाही.

‘सायेब, ती काय सांगत हुती ते ह्यात ल्ह्या.’

‘आजोबा, त्या गेल्या ना? आता काय उपयोग?’

‘ती गेली. म्या हाय. ल्ह्या.’

‘बसा, पाणी घ्या.’

‘पानी नगं.’

त्यानं घंटी दाबली. वॉचमन आला, कोपराला धरलं. ‘चला पाव्हणं, उगं तमाशा नगं.’ मी हात झिडकारला. शिकाऊ डॉक्टर तेच दोघं होते. जन्मात पहिल्यांदा साहेबासमोर माझा आवाज चढला. ‘रज्जू म्हंजी काय, सांगा ह्या पोरांस्नी!’

 डॉक्टरनं काही लिहिलं नाही. मला बाहेर काढलं.

आमच्या वस्तीवर एका विधवा बाईची बोटं बधिर पडायला लागल्यात. हातातनं भाकरी गळती. पुढच्या सोमवारी तिला घेऊन जाणार आहे, त्याच दवाखान्यात. ती सांगेल ते डॉक्टरनं आधी कागदावर मराठीत उतरवायचं, वाचून दाखवायचं, मग अंगाला हात लावायचा. तोवर दारातनं हलणार नाही. वॉचमन आणा, पोलीस आणा. मला आता घाई नाही. घरी वाट बघणारं कुणी उरलं नाही.