साचेखात्यातली गाठ

आमचा टेलिफोन मेला हे आम्हाला संध्याकाळी सात वाजता कळलं. बहुतेक सकाळीच मेला असणार, पण दिवसभर त्याच्याकडे बघतं कोण? सात वाजता मात्र रोज मालवणकडच्या गावाहून आत्याचा फोन येतो. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा पावणेसातपासूनच आतल्या खोलीत खाटेवर ताठ बसून राहतात. त्या दिवशी साडेसात झाले तरी ते तसेच बसलेले दिसले, म्हणून मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही.

चौकशी केली तेव्हा समजलं की रस्ता खोदताना तांब्याची जुनी केबल तुटली आणि ती आता कोणी जोडणार नाही. कंपनीतल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, फायबर घ्या, एकाच जोडणीवर फोन, टीव्ही, इंटरनेट सगळं चालेल आणि नंबरही तोच राहील. महिनाभरात घेतलं नाही तर नंबर मात्र जाईल.

"मग जाऊ दे ना तो जुना नंबर," मी बाबांना म्हटलं. "मोबाईल आहे की." मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे तारांच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं असा माझा समज आहे, आणि जिभेला हाड नाही हा माझ्या आईने मरेपर्यंत लावलेला शेरा आहे.

त्याच संध्याकाळी मी माझ्या मोबाईलवरून आत्याला फोन लावून दिला. बाबांचे कान गिरणीने खाल्लेत. बावीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे जिथे साच्यांवर, मागांवर, कापड विणतात त्या खात्यात, त्यांनी काढली. तिथला खडखडाट कानांचं काय करतो ते आम्ही घरातले जाणतो. मोबाईल जवळ नेला की त्यांचं कानातलं मशीन शिट्टी मारतं. जुन्या फोनचा जाड रिसीव्हर मात्र त्यांच्या कानावर नीट बसतो. मोबाईलवर दोघं चार मिनिटं नुसते "आं? आं?" करत राहिले आणि शेवटी दोघांनीही "ठेव, ठेव" म्हणून टाकलं. त्यानंतर बाबांनी फोनचा विषय काढला नाही. त्यांनी तो काढला नाही, हेच मला जास्त लागलं. आत्या चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी धड दिसत नाही, आणि तिला जगातला एकच नंबर पाठ आहे. बटणं चाचपून ती तोच लावते.

बाबा मात्र रोज पावणेसातला खाटेवर ताठ बसतच होते. एकदा मी वैतागून म्हटलं, "आता उगाच कशाला बसताय? वाजणार आहे का तो?" ते फोनकडे बघत तसेच बसून राहिले. ऐकू आलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग फायबरचा अर्ज केला. पण आमची घाटकोपरची इमारत म्हातारी. गेल्या वर्षी जिन्यातला गिलावा कोसळल्यापासून सोसायटीने पाटी लावली आहे: जिन्याच्या भिंतींना ड्रिल लावायचं नाही आणि बाहेरून एकही वायर लोंबकळता कामा नये. पहिला माणूस आला, पाटी वाचून परत गेला. दुसऱ्याने निदान पाणी तरी प्यायलं. "मॅडम, तुमच्या घरात यायला रस्ताच नाही," तो म्हणाला. महिना संपायला चार दिवस उरले होते.

तिसरी आली ती बाई होती. चाळिशीतली, काटक, कपाळावर घाम, खांद्याला तिच्याहून जड वाटावी अशी बॅग. कुर्ल्याहून आलेली. दारातच कोणाचा तरी फोन आला. "जय भीम, कामावर आहे, नंतर करते," एवढं बोलून तिने तो खिशात टाकला आणि पाटी वाचली. मी भांडायच्या तयारीत पुढे झाले. ती म्हणाली, "थांबा ना ताई. जुना फोन कुठनं आत आला होता? उडत तर नसेल आला."

हे मला सुचलं नव्हतं. जिन्यातल्या लाकडी पेटीपासून बाबांच्या खाटेजवळपर्यंत भिंतीच्या पोटातून एक पाईप गेलेला होता, बोटाएवढा, आणि जुनी टेलिफोनची वायर त्यातूनच आली होती. तिला फायबर बांधून ओढून घ्यायची, म्हणजे कुठे भोक पाडायला नको. तिने हळूहळू ओढायला सुरुवात केली आणि जुनी वायर मधेच तुटली. इतक्या वर्षांच्या ओलीने ती हिरवी पडून कुजली होती. मग तिने स्टीलची लवचिक पट्टी घातली, ती वळणावर अडली. मी मनातल्या मनात म्हटलं, लागली वाट.

तिने बॅगेवर बसून दोन मिनिटं विचार केला. मग विचारलं, "ताई, घरात व्हॅक्युम क्लीनर आहे?"

होता. दिवाळीपुरता माळ्यावरून खाली यायचा. तिने माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, त्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा बांधला आणि तो आतल्या खोलीकडून पाईपात सरकवला. मी जिन्यात, पाईपाच्या दुसऱ्या तोंडाला क्लीनरची नळी लावून बसलेली. बटण दाबलं आणि काही क्षणांत तो तुकडा फडफडत माझ्या हाताशी आला, मागे दोऱ्यासकट! मी अक्षरशः ओरडले. तीस वर्षं मुलांना नेटवर्क शिकवतेय. फुंकर उलटी मारून वायरिंग करता येतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता त्या दोऱ्याला जाड सुतळी बांधायची, सुतळीला फायबर, आणि एकामागून एक ओढायचं. तिने सुतळीला गाठ मारली, मी जिन्यातून ओढलं. वळणाशी गाठ अडली. जरा जोर लावला आणि दोरा सैल होऊन माझ्या हातात आला. पुन्हा क्लीनर, पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच झालं तेव्हा मी आत गेले. ती खाटेसमोर उकिडवी बसली होती. तिला एक सवय होती: वायर असो, दोरा असो, सुतळी असो, ती सगळ्याला तारच म्हणायची. सकाळपासून पहिल्यांदाच हताश होऊन ती समोरच्या बाबांकडे बघून म्हणाली, "तार तुटली."

बाबांच्या कानातलं मशीन टेबलावर होतं. पण गिरणीत कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे. सगळे ओठांवरून बोलणं वाचत. आणि गिरणीत सुताच्या धाग्याला तारच म्हणत. हे दोन शब्द बाबांनी दिवसातून किती वेळा वाचले असतील कोण जाणे. ते खाटेवरून उठले. एरवी उठताना आधाराला माझा हात लागतो. त्या दिवशी लागला नाही.

"हाड बघू," म्हणजे आण बघू इकडे, असं म्हणत ते तिच्या शेजारी खाली बसले. मी म्हणाले, "बाबा, राहू दे, गुडघे..." तर तिने मलाच हाताने गप्प केलं आणि दोन्ही टोकं त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. मग एका हाताची तीन बोटं हलली. नक्की काय झालं ते मला दिसलं नाही, तिलाही दिसलं नाही, ती म्हणाली, "काका, परत दाखवा ना, हळू." त्यांना हळू करता येईना. बोटांना ते वेगानेच येत होतं. शेवटी तिच्या कटरने त्यांनी उरलेली शेपटं अगदी मुळाशी कापली आणि गाठ तिच्या बोटावर ठेवली. बारीक दोरा आणि जाड सुतळी यांच्यामध्ये तिळाएवढा उंचवटा होता, बस.

"गाठ कापडात दिसता नये," ते म्हणाले. "दिसली तर जॉबर, आमचा मुकादम, कापडाचा अख्खा ताका अंगावर फेकून मारी."

मी जिन्यात जाऊन ओढलं. वळणाशी दोरा क्षणभर थबकला आणि सुतळी सुळकन बाहेर आली. सुतळीला फायबर बांधून त्या बाईने ती आतून ओढून घेतली, हलक्या हाताने, "काच आहे आत, मुरगळली की मेली" असं दर वेळी बजावत.

गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली. त्यानंतर बाबांनी एका ऑफिसात शिपायाचं काम केलं, आम्हाला शिकवलं, आणि गिरणीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ही गाठ त्यांच्या बोटांत आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि आजवर विचारलं नाही म्हणून स्वतःचा रागही आला.

"आता माझी गाठ बघा काका," ती म्हणाली. तिने बॅगेतून एक लहान यंत्र काढलं, फायबरची साल सोलून आतली काच उघडी केली. केसाहून बारीक. तिचं आणि प्लग असलेल्या दुसऱ्या तुकड्याचं, अशी दोन टोकं पुसून समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसत होती. बाबा चष्मा कपाळावर चढवून वाकले. टोकं आपोआप एका रेषेत आली, एक ठिणगी चमकली आणि मधली फट नाहीशी झाली.

"गाठ खंय आसा?" बाबांनी विचारलं.

"नाहीच. वितळवून एक केलं," ती त्यांच्याकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. तेवढ्या वेळात तिला ते जमलंही होतं.

बाबांनी पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. "झकास," ते म्हणाले. "साचेखात्यात असतीस ना, तर चार साचे एकटीनं सांभाळले असतेस."

यापेक्षा मोठी शाबासकी बाबांकडे नाही. मला तर कधीच मिळाली नाही. ती हसली, "सासरे पण असं बोलले नाहीत कधी," आणि लगेच कामाला लागली. खाटेच्या वरच्या फळीवर मोडेमचा डबा बसवला, जुना फोन थेट त्यात खोचला. टीव्हीला वायर कशाला, वायफाय आहे ना, असं मी माझं ज्ञान पाजळल्यावर तिने मधल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं: "हे मधे उभं आहे, ताई. मॅचमधे शेवटच्या ओव्हरला चित्र अडकलं की मला शिव्या द्याल." मग चौकटीच्या कडेने बारीक खिळ्यांनी वायर बाहेरच्या खोलीपर्यंत नेली, इतकी सरळ की मी अजूनही येता-जाता बघते. टीव्ही लागला. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रिसीव्हर कानाला लावून ते टोन ऐकत बसले होते. बाहेरून येणारा फोन मात्र उद्या दुपारनंतर लागेल, असं सांगून ती गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला बाबा ताठ बसले. मी दारात उभी. बरोबर सातला फोन वाजला, तो जुना, शेजाऱ्यांनाही ऐकू जाणारा घणघणाट.

"बोल गे बाय," बाबा म्हणाले.

 पलीकडून आत्याचा आवाज, मला दारातही ऐकू येईल एवढा: "अरे! उचललंस?"

ती गोंधळली होती. बाबांचा फोन मेलाय हे तिच्या मुलाने तिला सांगितलं होतं. तरी ती रोज सातला नंबर लावायची. तांब्याची लाइन तुटली तरी लावणाऱ्याच्या कानात रिंग जात राहते, हे मला माहीत होतं, कोणाला सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. ती रिंग पूर्ण संपेपर्यंत ऐकायची आणि ठेवून द्यायची.

"माका म्हायत होता तू उचलूचं नाय," ती म्हणत होती. "पण तुझ्या घरात वाजता मा. म्हटला, वाजांदे."

आमच्या घरात काहीच वाजत नव्हतं. मी तर बाबांना उगाच बसू नका म्हणाले होते.

बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "मी पण हयच बसलेलंय," ते म्हणाले. "रोज." मग त्यांनी विचारलं, दुपारी जेवणात काय केलं होतं.