बोर्दोच्या तळघरातली आक्का

संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अडकली होती. बाहेर धुकं होतं आणि मी खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत होते. निपाणीहून शेजारच्या शांताकाकूंचा फोन आला. "आक्का गेली गं... झोपेतच." काही आठवडे झाले, पण ते धुकं अजून माझ्या डोळ्यांवरून उतरलेलं नाही.

आक्का, म्हणजे शालन, माझी थोरली बहीण. आमचे आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करत. दारूनं ते लवकर गेले. आईनं विड्या वळून आम्हा दोघींना शिकवलं. आक्का रसायनशास्त्र शिकली, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि पुढं शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेली. तिथं बोर्दोजवळच्या एका जुन्या द्राक्षमळ्यात ती लाल वाइन करू लागली. आईला हे कळलं तेव्हा तिनं फोनवर एवढंच विचारलं, "तुझ्या बापाला जिनं खाल्लं, तीच तू करतीस?" त्यानंतर कितीतरी दिवस ती आक्काशी बोलली नाही. शेवटी आक्कानं आम्हा दोघींची तिकिटं पाठवली. "एकदा बघ. मग तू सोड म्हणालीस तर मी सोडून येते," ती आईला म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

आम्ही गेलो ते तोडणीच्या दिवसांत. सकाळी नदीवरून धुकं यायचं आणि वेलींच्या रांगा त्यात तरंगल्यासारख्या दिसायच्या. आई नऊवारीत, वर आक्काचा जाड कोट घालून, त्या रांगांमधून चालायची. आक्का सांगत होती... काही पिढ्यांमागं एका किडीनं या देशातल्या वेलींची मुळं खाऊन टाकली होती. हा मळाही उजाड झाला. मग अमेरिकेहून चिवट मुळं आणून त्यांवर इथल्या वेलींची कलमं बांधली, तेव्हा कुठं द्राक्षं परत आली. आई थांबून वेलीच्या बुडाशी वाकली. "म्हंजे मूळ परक्याचंच की," ती म्हणाली.

दुपारी आक्का आम्हाला आंबवणीच्या टाक्यांपाशी घेऊन गेली. सालीसकट रस तिथं आपोआप उकळत होता, खाली जाळ नसताना. रंग सालीतूनच उतरतो, म्हणून रसात साली भिजत ठेवतो, तिनं सांगितलं. त्यांच्या खाली तळघर. ओकच्या पिंपांच्या रांगा अंधारात लांबवर गेलेल्या, गार हवा, ओल्या लाकडाचा वास. आदल्या वर्षीची वाइन तिथं शांत होत पडली होती. आक्कानं काचेच्या नळीनं थोडी काढली, हुंगली, जिभेवर फिरवून थुंकून टाकली.

आईनं विचारलं, "ही पिऊन कुणी बायकोला मारत न्हाय?"

आक्काला खोटं बोलता आलं असतं. भारी लोकांची, जेवणाबरोबरची, असं काहीबाही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "मारत असतील, आई. हितं पण मारत असतील."

आई आक्काच्या हाताकडं बघत होती. मग म्हणाली, "तुझा हात थरथरत न्हाय. त्यांचा लई थरथरायचा." आणि जिना चढताना, मागं न बघता, "कर. पर घरात आणू नको."

आक्का कायमची परतली ती आईनं अंथरूण धरल्यावर. वाइनचा थेंबही तिनं आणला नाही. आणली ती मोडीत निघालेल्या एका पिंपाची फळी, एका बाजूनं जांभळी झालेली. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट केली, हुंगली. ती आपल्या खोलीतल्या भिंतीला आडवी ठोकून घेतली आणि इतकी वर्षं ट्रंकेत पडलेला आप्पांचा फोटो बाहेर काढून स्वतः तिच्यावर ठेवला. पुढं आई गेली, तेव्हा तिचाही फोटो आक्कानं तिथंच ठेवला.

आता त्या खोलीत मी राहते. रोज सकाळी फळी पुसते. गेल्या रविवारी आक्काचा फोटो फ्रेम होऊन आला. आईच्या शेजारी जागा होती. मी तो आप्पांच्या शेजारी ठेवला... आणि लाकडाला नाक लावून थोडा वेळ तशीच उभी राहिले.