जिन्याजवळचा नावांचा फलक

आज बिल्डिंगमध्ये ऑइलपेंटचा वास सुटलाय आणि मला करंजाड्यातला आमचा पहिला महिना आठवला. सरकारी योजनेच्या लॉटरीत घर लागलं होतं, तेही माझ्या नावावर, कारण घर बाईच्या नावावर हवं असा नियमच होता. त्याआधी सगळा संसार दिवाळे गावात, दिराच्या घरातल्या एका खोलीत. तर काय झालं, खाली जिन्याजवळ पेंटर फलकावर घरमालकांची नावं लिहीत होता आणि सवयीनं सगळे पुरुषच लिहून मोकळा झाला. मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन उभी. आमच्या नंबरापुढे यांचं नाव वाचलं, वाईट वाटलं, पाटी सावरत जिन्याकडे वळले. तर यांनीच पेंटरला हटकलं, "दादा, पुसा ते. घर हिचं हाय, हिचं नाव टाका." सेक्रेटरी हसले, "काय काका, काकूंना घाबरता वाटतं?" हे म्हणाले, "घाबराया नको? मालकीन हाय ती, भायेर काढंल ना!" सगळे हसले, पण वरून एकेक बाई खाली उतरली आणि "आमचंही बदला" म्हणाली. पेंटर बिचारा संध्याकाळपर्यंत पुसत बसला. आता मला नीट दिसत नाही, तरी भाजीला निघताना माझ्या नावावरची धूळ मी पदरानं पुसते.